कपाटामागची ओल

३ तारीख, मंगळवार

आज नवी वही काढली. कारण बुरशी.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांची लाखो वाक्यं दुरुस्त केली, स्वतःचं एकही लिहिलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लिहायची इच्छा कधी झाली नव्हती. पण आता या घरात जे चाललं आहे त्याची तारीखवार नोंद हवी, नाहीतर उद्या सगळं माझ्यावर शेकेल.

लहान खोलीत माझं पुस्तकांचं कपाट आहे. त्याच्या वरच्या कडेला, भिंतीवर, काळपट ठिपके दिसले. आधी वाटलं चष्म्यावर डाग आहे. चष्मा पुसला, ठिपके तिथेच. बोट लावलं तर काळं झालं. वासही कुबट, सादळलेल्या बिस्किटांच्या डब्यासारखा. दोन महिन्यांपूर्वी ही भिंत स्वच्छ होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

नेमका आजच मुलीचा फोन. ती आणि भिंगरी एकवीस तारखेला येणार, आठ दिवस राहणार. भिंगरी म्हणजे आमची नात, वय वर्षं सहा. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. दोन वर्षांत तिला फक्त फोनवर पाहिलंय. लेकीने विचारलं, "बाबा, लहान खोली कोरडी आहे ना?"

मी म्हटलं, "भिंतीवर थोडी विरामचिन्हं उमटलीत."

"बाबा! बुरशी?"

मग तिने सरळच सांगितलं. भिंगरीला मधूनमधून धाप लागते. डॉक्टरांनी बजावलंय, बुरशीच्या घरात एक रात्रही नको. "तुम्ही भिंत नीट केलीत तर येते, नाहीतर या वेळी राहू दे." राहू दे! इतकं सहज म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

नंतर भिंगरीने फोन घेतला आणि तिच्या आजीला विचारलं, "आजी, मागे म्हणालीस ना तुला पोहता येतं? मग आपण दोघी पोहायला जायचं हं!" आमची ही बेधडक म्हणाली, "जायचं तर! खोल पाण्यात जाऊ." फोन ठेवल्यावर मी हिला म्हटलं, "तुला बादलीत पाय बुडवायची भीती. लहान मुलांशी खोटं बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे." ही म्हणाली, "तुमची मतं स्पष्टच असतात," आणि ओट्याकडे वळली.

हातात अठरा दिवस आहेत.

४ तारीख, बुधवार

ओल्या फडक्याने भिंत पुसली. अर्ध्या तासात ठिपके गेले आणि त्यांच्या जागी करडा ढग आला. म्हणजे मी बुरशी काढली नाही, सारवली.

खरं तर कपाट पुढे ओढून मागची भिंत बघायला हवी. पण त्यात चारशेच्या वर पुस्तकं आहेत, शिवाय माझी पाठ. ही लगबगीने म्हणाली, "अहो, तुम्ही कपाटाला हात लावू नका. मागचं मी बघते. माझा हात जातो फटीतून." मागची बाजू तिने स्वतःहून अंगावर घेतली. असा जोडीदार नशिबानेच मिळतो.

खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली आहे. बाहेर आठवडाभर आभाळ दाटलेलं, हवेत दमटपणा. तो आत येता कामा नये.

६ तारीख, शुक्रवार

प्लंबर आला. माझा संशय वरच्या मजल्यावर. तिथे दंतवैद्य राहतात. माणूस पन्नाशीचा, गोड बोलणारा, जिन्यात भेटला की सगळे दात दाखवून हसतो. त्याचं न्हाणीघर बरोबर आमच्या लहान खोलीवर येतं. प्लंबर वर जाऊन आला, टाइल्स ठोकून आला, नळ पिळून आला.

"काका, वर खडखडीत कोरडं आहे."

"खाली?"

"खालीपण. हे पाणी बाहेरून येतच नाहीये. घरातच कुठंतरी होतंय."

मी म्हटलं, "घर आहे, विहीर नाही." तो हसला आणि पिशवी उचलून गेला. दंतवैद्याने त्याला चहा पाजला होता, हे मला नंतर कळलं. चहा प्यायलेल्या माणसाचं मत किती धरायचं?

८ तारीख, रविवार

रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, आधी भिंत वाळवा, ओल कुठून येते ते शोधा, मग रंग. मी म्हटलं, तेवढा वेळ नाही, तू मार. त्याने नाइलाजाने कपाट न हलवता वरच्या भागावर दोन हात मारले. भिंत अशी पांढरीशुभ्र झाली की मी स्वतः खुर्ची टाकून समोर बसलो.

हिची मात्र कमाल वाटते. दोन महिन्यांपासून ही रोज सकाळी सहाला फिरायला जाते. एकसष्टाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं कोण जाणे. पण येते ती ताजीतवानी होऊन, केस धुतलेले, गाल लाल, आणि न्याहारीला माझ्यापेक्षा जास्त खाते. मी विचारलं, "फिरायला जाताना एवढी मोठी पिशवी कशाला?" म्हणाली, "येताना भाजी आणते." भाजी आणते खरी, पण एक जुडी. पिशवीत गादी मावेल.

१० तारीख, मंगळवार. सकाळ

रंगावर ठिपके आले. दोन दिवसांत! पहिल्यांदा एक, अनुस्वाराएवढा. मग त्याच्या खाली तीन. रंगाऱ्याचं ऐकायला हवं होतं, असं मी फक्त इथेच लिहितो आहे.

आता अर्धवट उपाय बंद. ब्लीच आणलं, हातमोजे आणले, तोंडाला बांधायला पंचा काढला. बुरशी नाकातोंडात गेली की त्रास होतो म्हणतात. डोळ्यांचं काय करावं या विचारात असताना हिच्या कपाटात जुनं फडकं शोधायला गेलो, तर साड्यांखाली काय मिळालं! निळी रबराची टोपी, एकही केस बाहेर राहणार नाही अशी घट्ट. आणि काळा चष्मा, डोळ्यांना चिकटून बसणारा, थेंबही आत जाणार नाही असा. म्हणजे मी विचार करत बसलो आणि हिने बुरशीशी लढायची सगळी सामग्री गुपचूप आणून ठेवली. माझे डोळे भरून आले. चष्मा लावल्यावर ते पाणी आतल्या आत साचलं.

तीच सामग्री चढवून बाहेर आलो. ही भाकरी थापत होती. माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला गोळा परातीत पडला.

मी म्हटलं, "सापडलं मला. कशासाठी आणलंस तेही कळलं."

ही पांढरीफटक पडली. "कळलं?"

"बुरशीसाठी! अगं, मला सांगायचंस तरी."

ती तशीच पाठमोरी झाली आणि तिचे खांदे हलायला लागले. भावनावश झाली असावी. मीही फार ताणलं नाही.

१० तारीख, रात्री जेवणाआधी

हे लगेच लिहायलाच हवं.

भिंत घासत असताना बेल वाजली. दारात दंतवैद्य. प्लंबरने त्याला माझा संशय सांगितला असणार, म्हणून खुलासा करायला आला असावा. पण माझी टोपी आणि चष्मा पाहताच त्याचा चेहरा खुलला. पुढचं संभाषण जसंच्या तसं लिहितो, एकही शब्द न बदलता.

तो: "अरे वा! म्हणजे तुम्हीही सुरुवात केलीत?"

मी: "हो. आजपासूनच."

तो: "शाबास! या वयात हिंमत लागते."

मी: "हिंमत कसली? नाकातोंडात जाऊ नये एवढं सांभाळायचं."

तो: "अगदी! माझ्या तर पहिले आठ दिवस रोज नाकातोंडात जायचं."

हे ऐकून मी कान टवकारले. म्हणजे बुरशी त्याच्याकडेही होती! कबुलीजबाबच हा. मी पुढचा प्रश्न विचारणार, तोच तो पुढे झुकून, हसत हसत म्हणाला,

"पण वहिनींची गोष्टच वेगळी. मी त्यांना रोज पाण्यात पाहतो!"

आणि जिना चढून गेला!

वाक्प्रचार: पाण्यात पाहणे. अर्थ: कमालीचा द्वेष करणे. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं मी बावीस वर्षं तपासली आहेत, मला कोणी अर्थ सांगायची गरज नाही. माझ्या उंबऱ्यात उभं राहून, माझ्या बायकोचा आपण रोज द्वेष करतो, हे दात दाखवून सांगायचं? तळपायाची आग मस्तकाला गेली. टोपीमुळे ती तिथेच अडकली.

हिला सांगितलं. हिने फक्त विचारलं, "नक्की काय म्हणाले? हेच शब्द?"

"हेच. रोज पाण्यात पाहतो."

हिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "पाहू दे हो. त्यांच्या पाहण्याने मी काही बुडत नाही."

केवढं मोठं मन!

१२ तारीख, गुरुवार

हिने दुसरी टोपी आणि दुसरा चष्मा आणला. टोपी लाल. म्हणाली, "ती निळी तुम्हाला राहू दे." म्हणजे आता आम्ही जोडीने बुरशीवर तुटून पडणार. अजून तिने ती घरात घातलेली पाहिली नाही, पण कपाटामागे जाताना घालत असेल.

एक गोष्ट काळजीची. सकाळी फिरून आली की हिचे डोळे लाल असतात. आज नीट पाहिलं. चांगले सुजलेले, कडेने लाल. विचारलं तर म्हणते, वारा लागतो. चाळीस वर्षांच्या संसारात वाऱ्याने हिचे डोळे कधी लाल झाले नाहीत. ही बाहेर कुठेतरी बाकावर बसून एकटी रडते. कारण उघड आहे. वरवर म्हणते पाहू दे, पण मनाला लागलंय.

केसांना ब्लीचचा वास येतो. बुरशीचं काम माझ्यापेक्षा हीच जास्त करते आणि एका शब्दाने बोलत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

दंतवैद्याला पत्र लिहिलं. तीन खर्डे केले. चौथ्यात एकही चूक नाही. नक्कल इथे ठेवतो:

'महोदय, दि. १० रोजी आपण माझ्या दारात उभे राहून, माझ्या पत्नीला आपण रोज पाण्यात पाहता, असे हसतमुखाने सांगितलेत. तिने आपले काय घोडे मारले आहे? आपल्या या पाहण्यामुळे तिचे डोळे दररोज सकाळी लाल होतात. हा प्रकार आजच्या आज बंद व्हावा. तिला पाण्यात पाहण्याचा अधिकार या इमारतीत कोणालाही नाही. कळावे.'

त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. उतरताना पाठ दुखली नाही.

१४ तारीख, शनिवार

उत्तर आलं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, अक्षर कापरं:

'आदरणीय, आपले पत्र वाचून मी आणि माझी पत्नी हादरलो. माझ्या मनात वावगे काहीही नव्हते आणि नाही. चष्मा काढल्यावर मला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही, हे माझी पत्नी लिहून द्यायला तयार आहे. वहिनींना मी केवळ त्यांच्या टोपीवरून ओळखतो, आधी निळी होती, आता लाल. तरीही उद्यापासून मी माझी वेळ बदलली आहे. सकाळी साडेसहाऐवजी संध्याकाळी सात. डोळे लाल होतात ते पाण्यातल्या औषधाने, माझेही होतात. कृपया हे प्रकरण वाढवू नये.'

तीनदा वाचलं. घाबरलाय, एवढं नक्की. पण द्वेष करायची वेळ ठरलेली असते, हे मला नवीन होतं. संध्याकाळी सातला पाण्यात पाहिलं म्हणजे ते काय कमी लागतं? 'पाण्यातलं औषध' हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. नळाचं पाणी हुंगून पाहिलं. उद्यापासून उकळून पिणार.

पत्र हिला दाखवलं. हिने वाचलं आणि पलंगावर बसली. "अहो, काय केलंत हे! इतका भला माणूस!" मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "तू त्याची बाजू घेऊ नकोस. आणि 'प्रकरण'चा 'प्र' त्याने कसा काढलाय बघ." हिने तोंड मिटलं.

१६ तारीख, सोमवार

पाच दिवस राहिले आणि भिंत परत काळी. या वेळी ठिपके नाहीत, अख्खा परिच्छेद.

रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. त्याने भिंतीवर हात ठेवला, खिडकीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"काका, खिडकी कधीपासून बंद आहे?"

"बारा दिवस."

"आणि कपाटामागं कोण ओलं वाळत घालतं?"

"कोणीही नाही. घरात दोन माणसं आहोत."

"मग तिसरं शोधा," तो म्हणाला. "ओल या खोलीतलीच आहे. खिडकी बंद, म्हणून ती भिंतीत जाते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तुम्ही वरच्या दाताच्या डॉक्टरला कागद दिलात म्हणे?"

बातमी इमारतभर झालेली दिसते. मी त्याला चहाही विचारला नाही.

लेकीचा फोन आला. "झालं का बाबा?" मी म्हटलं, होतंय. ती जरा थांबून म्हणाली, "शुक्रवारी सकाळी नक्की सांगा. मला तिकिटं रद्द करायला तेवढा वेळ लागेल." मागे भिंगरी विचारत होती, आजीने पोहण्याचे कपडे घेतले का.

१७ तारीख, मंगळवार

दुपारी ही भाजी आणायला बाहेर पडली. मी कपाट रिकामं करायला घेतलं. शब्दकोश, व्याकरणं, शुद्धलेखनाचे नियम, सगळं पलंगावर. पाठ बोंबलत होती, बोंबलू दिली. मग खांदा लावून कपाट हातभर पुढे ढकललं.

मागे नायलॉनची दोरी. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, ताणून बांधलेली. दोरीवर एक मोठा टॉवेल, ओलागच्च. त्याच्या शेजारी गडद निळ्या रंगाचा पोहण्याचा पोशाख, अंगभर, लांब बाह्यांचा. त्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि खाली एक स्टीलचं ताट ठेवलं होतं, आवाज होऊ नये म्हणून त्यात फडकं घातलेलं. प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड. त्यावर हिचा फोटो. वर छापलेलं: 'जलतारण विभाग, नवशिके'. दोन महिन्यांपूर्वीची तारीख.

'जलतरण' पाहिजे, एक काना जास्त आहे. माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. तिथेच थांबला.

मी पुस्तकांच्या ढिगावर बसलो. टोपी. चष्मा. लाल डोळे. पाण्यातलं औषध. 'मी त्यांना रोज पाण्यात पाहतो.' अरे देवा. त्या बिचाऱ्याने जे पाहिलं ते सांगितलं होतं. आणि मी त्याला काय लिहिलं! चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. मी तर चोराच्या शेजारी झोपून संन्याशाला पत्र लिहिलं.

पण दंतवैद्यापेक्षा मला दुसरंच टोचायला लागलं. लेक आठ वर्षांची होती तेव्हा आम्ही तिला पोहायला शिकवायला नेत होतो. ही पायरीवर टॉवेल घेऊन बसायची. एकदा शिकवणारी बाई हिला म्हणाली, "तुम्हीपण या ना पाण्यात." ही उठलीसुद्धा होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "आता या वयात डुबक्या मारणार? लोक हसतील." ती परत बसली.

मी आज हिशेब केला. 'हे वय' तेव्हा तेहतीस होतं.

कपाट जसं होतं तसं मागे सरकवलं. पुस्तकं लावली. ही आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. उलटा होता, पण हिने काही म्हटलं नाही.

१८ तारीख, बुधवार

ही सहाला निघाली. मी सव्वासहाला. खिशात निळी टोपी.

तलावाच्या दारावरचा माणूस म्हणाला, "बूट काढा. टोपीशिवाय आत सोडत नाही." मी बूट काढले, टोपी घातली. पायजमा, सदरा आणि निळी रबराची टोपी, असा मी काठावर जाऊन उभा राहिलो. कोणी हसलं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

लाल टोपी पाण्याच्या मध्यावर होती. शिट्टीवाली शिक्षिका काठावरून ओरडत होती, "आजी, श्वास! हात लांब!" आणि आमची ही, जिला बादलीची भीती, ती हात मारत, फुरफुर आवाज करत, या काठावरून त्या काठाला चालली होती. मध्ये एकदा दिसेनाशी झाली. माझा श्वास गेला. मग लाल टोपी वर आली आणि पुढे निघाली. डावा पाय सारखा खाली जात होता, त्यामुळे ती किंचित तिरकी जायची. पण गेली. पलीकडची कड धरली. मी आयुष्यात एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तिने वळून पाहिलं.

नंतर पायऱ्यांवर टॉवेल गुंडाळून माझ्याशेजारी बसली. मी म्हणालो, "टोपी परत द्यायला आलो होतो."

"कपाट ओढलंत?"

"हो."

"पाठ?"

"पाठीचं सोड. मला सांगितलं का नाहीस?"

ही पाण्याकडे बघत म्हणाली, "भिंगरीला थाप मारली होती ती खरी करायची होती. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इथे येऊन बसला असतात. हात असा नको, पाय तसा नको. अहो, चाळीस वर्षं माझ्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघत आलात. मला एक गोष्ट शिकायची होती, तपासून घ्यायची नव्हती."

लागलं मला. लागायलाच हवं होतं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कसं वाटलं?"

डावा पाय माझ्या जिभेवर आला होता. गिळला. म्हणालो, "घाबरलो मी, मध्ये दिसेनाशी झालीस तेव्हा. आणि तेव्हा बोललो होतो, त्याचं वाईट वाटतं."

"कधी?"

"तू तेहतीस वर्षांची होतीस तेव्हा."

तिला आठवत होतं. लगेच आठवलं, म्हणजे विसरलीच नव्हती. ओल्या हाताने माझ्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाली, "चला. बुरशी माझी आहे, तर मीच घासते."

१९ तारीख, गुरुवार

दोघांनी मिळून काम केलं. कपाट खोलीच्या मध्यावर. खिडकी सताड उघडी, पंखा सुरू. पोपडे आलेला रंग खरवडला, साबणाच्या पाण्याने भिंत धुतली, कोरड्या फडक्याने टिपली, मग ब्लीचचा हात. रंगारी येऊन पाहून गेला, "आता वाळू द्या, रंगाची घाई नको," म्हणाला. कपाट आता भिंतीपासून वीतभर लांब राहील. दोरी गॅलरीत बांधली, उन्हात, सगळ्या इमारतीला दिसेल अशी. हिचा पोशाख मी स्वतः चिमटे लावून वाळत घातला.

संध्याकाळी दंतवैद्याकडे गेलो. पत्र नाही, स्वतः. अर्थ समजावून सांगितला. तो आधी गोंधळला, मग त्याची बायको आतून एवढ्या मोठ्याने हसली की त्याला धीर आला. "म्हणजे मी परत सकाळी येऊ शकतो? संध्याकाळी फार गर्दी असते हो." मी म्हटलं, "या. आणि हिला खुशाल पाण्यात पाहा." त्याने माझी एक दाढ फुकट बघून दिली. किडलेली आहे म्हणतो.

२० तारीख, शुक्रवार

भिंत खडखडीत. चार वेळा हात लावून पाहिला, एकदा गाल. लेकीला फोन केला. "ये," म्हटलं. पुढचं बोलायला हिने फोन घेतला.

२२ तारीख, रविवार

काल रात्री भिंगरी लहान खोलीत झोपली. मी दोनदा दारात जाऊन तिचा श्वास ऐकला. संथ होता.

आज सकाळी दोघी पाण्यात, आम्ही बापलेक पायरीवर. दंतवैद्य पलीकडच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून उभा; अजून सावध आहे. भिंगरी माशासारखी पुढे गेली, वळली, आणि आजीभोवती गोल गोल फिरायला लागली. आजी हात मारत, फुरफुरत, तिरकी तिरकी कडेपर्यंत आली.

"आजी!" भिंगरी ओरडली. "तुझा डावा पाय बुडतोय!"

ही खळखळून हसली. "हो का गं? दाखव बरं कसा ठेवायचा." आणि सहा वर्षांच्या शिक्षिकेने पाय दाखवला, एकसष्ट वर्षांच्या मुलीने उचलला.

मग भिंगरीने माझ्यापाशी येऊन कड धरली. "आजोबा, तुम्ही तर मघापासून बघताय. आजीचा पाय बुडतोय हे तुम्हाला दिसलं नाही?"

हिने पाण्यातून माझ्याकडे पाहिलं.

"नाही बाई," मी म्हणालो. "मला तर एकही चूक दिसली नाही."

लहान मुलांशी खोटं बोलू नये, हे माझं स्पष्ट मत तीन तारखेच्या पानावर आहे. आत्ता मागे जाऊन ते वाक्य लाल शाईने खोडलं.